कुंपणाची राखण कोण करणार?

कोलकात्याच्या एल्गिन रोड टपाल कार्यालयात येणारी काही पत्रं पत्त्यावर पोहोचण्याआधी आणखी एका टेबलावर जात. तिथे ती उघडली जात, त्यांच्या नकला उतरवल्या जात आणि मग पाकीट पुन्हा बंद होऊन घरी पोहोचे. हे घर नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कुटुंबाचं होतं आणि पत्रं उघडणारी माणसं इंटेलिजन्स ब्युरोची, म्हणजे आयबीची होती. काळ मात्र इंग्रजांचा नव्हता. १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं, स्वतंत्र भारतात, हे चाललं होतं.

ज्यांच्यावर ही नजर होती त्यांत नेताजींचे पुतणे शिशिरकुमार आणि अमियनाथ हे दोघे होते. जानेवारी १९४१ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून नेताजींना मोटारीतून बाहेर काढणारे, ती मोटार स्वतः चालवणारे ते हेच शिशिरकुमार. पाळतीचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारातून बाहेर आले आणि एप्रिल २०१५ मध्ये त्यांची देशभर चर्चा झाली, तेव्हा हे दोघेही हयात नव्हते. आपली पत्रं कोणी वाचली, कोणाच्या सांगण्यावरून वाचली आणि त्यातून देशाला काय मिळालं, हे विचारण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

कुंपणच शेत खाऊ लागलं तर दाद कुठे मागायची, ही आपल्याकडची जुनी म्हण आहे. गुप्तचर यंत्रणा हे देशाचं कुंपण आहे. ते हवंच, आणि मजबूत हवं. पण कुंपणावरही कोणाची तरी नजर असावी लागते. लोकशाहीत ही नजर ठेवण्याच्या साधनांपैकी एक म्हणजे माहितीचा अधिकार. हे साधन आपल्याकडे गुप्तचर यंत्रणांपर्यंत कितपत पोहोचतं, कुठे अडतं आणि तरीही कुठून वाट काढता येते, हे समजून घेणं प्रत्येक नागरिकाच्या कामाचं आहे.

सुरुवातच एका गुप्त पुस्तकापासून

माहितीचा अधिकार आणि सुरक्षा यांचं नातं भारतात कायदा येण्याच्या तीस वर्षं आधीपासूनचं आहे. राज नारायण यांनी इंदिरा गांधी यांच्या निवडणुकीला अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा त्यांनी सरकारकडे एक पुस्तक मागितलं. ‘ब्लू बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेच्या सूचना होत्या. सरकारने ते गुप्त असल्याचं सांगून देण्यास नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

जानेवारी १९७५ मध्ये आलेल्या निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी जे मांडलं, त्याचा आशय असा: जिथे सरकारच्या प्रत्येक माणसाला आपल्या कृतीचा जाब द्यावा लागतो, तिथे फार थोडीच गुपितं असू शकतात; सार्वजनिक कारभारात काय चाललं आहे हे जाणण्याचा लोकांना हक्क आहे. त्याच निकालातला दुसरा मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. कागद गुप्त आहे असं सरकार म्हणालं एवढ्यावर न्यायालयाने थांबायचं कारण नाही. शंका असेल तर न्यायाधीश तो कागद स्वतः पाहून निर्णय देऊ शकतो.

काय गुप्त ठेवायचं हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार ते गुपित सांभाळणाऱ्याच्याच हाती नसावा. तिऱ्हाइताने, पण जबाबदार तिऱ्हाइताने, तो कागद एकदा तरी पाहिलेला असावा. माहितीच्या अधिकारातून गुप्तचर यंत्रणांना उत्तरदायी करायचं म्हणजे मुळात एवढंच करायचं आहे.

एक कुलूप पुरेसं असताना दुसरं

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. केंद्राचा कायदा लिहिणाऱ्यांनी राष्ट्रीय सुरक्षेचा विचार केला नव्हता असं मुळीच नाही. कलम ८(१)(क) नुसार देशाची सार्वभौमता, सुरक्षा, सामरिक हितसंबंध किंवा परराष्ट्र संबंध यांना बाधा येईल अशी माहिती नाकारता येते. कलम ८(१)(छ) नुसार कोणाच्या जिवाला धोका पोहोचेल किंवा गुप्तपणे मदत करणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती नाकारता येते. चालू तपासात अडथळा आणणारी माहितीही देता येत नाही.

ही कुलपं विचारपूर्वक घडवलेली आहेत, कारण ती एकेका माहितीला लागतात. अधिकाऱ्याला अमुक कागद अमुक कारणाने देता येत नाही असं लेखी सांगावं लागतं. कलम १० नुसार कागदाचा धोकादायक भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. कलम ८(२) नुसार, होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठं असेल तर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदाही आड येत नाही. आणि एखाद्या तक्रारीची चौकशी करताना, हा कायदा लागू असलेला कोणताही कागद माहिती आयोग स्वतः मागवून पाहू शकतो.

गुप्तचर यंत्रणांसाठी मात्र याच्यावर आणखी एक कुलूप आहे. ते म्हणजे कलम २४. त्यानुसार दुसऱ्या अनुसूचीत नाव असलेल्या संस्थांना हा कायदाच लागू होत नाही. त्यांनी केंद्र सरकारला पुरवलेली माहितीसुद्धा त्याच्या बाहेर राहते. आयबीचा अहवाल एखाद्या मंत्रालयाच्या फायलीत असला तरी त्याला हेच संरक्षण मिळतं.

कलम ८ विचारतं, ‘हा कागद उघड केल्याने हानी होईल का?’ कलम २४ विचारतं, ‘हा कागद कोणाचा आहे?’ कागदाऐवजी संस्थेलाच गुप्ततेचं कवच दिलं की हानीचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. मग परदेशातल्या हेराचं नाव आणि कार्यालयातल्या खुर्च्यांच्या खरेदीचं बिल या दोहोंवर एकच शिक्का बसतो.

शिवाय अशी यादी वाढत जाते. कायदा झाला तेव्हा अनुसूचीत १८ नावं होती. त्यांत आयबी आणि रॉ होत्याच. सक्तवसुली संचालनालय, महसूल गुप्तवार्ता संचालनालय, सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दलही होतं. पुढे डीआरडीओसारखी संशोधन संस्था आली. जून २०११ मध्ये सीबीआय, एनआयए आणि नॅटग्रिड आले. २०२३ मध्ये संगणकीय सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या संस्थेची भर पडली. यादीत नाव घालायला संसदेत कायदा दुरुस्त करावा लागत नाही. सरकारने अधिसूचना काढायची आणि ती सभागृहांपुढे ठेवायची, एवढं पुरतं. राज्य सरकारांनाही आपापल्या संस्थांसाठी असाच अधिकार आहे. ओडिशा सरकारने २०१६ मध्ये भ्रष्टाचाराचा तपास करणारा दक्षता विभागच कायद्याबाहेर काढला होता. जून २०२२ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने ती अधिसूचना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या माहितीपुरती रद्द केली.

भिंतीतली खिडकी

ओडिशात न्यायालयाला हे करता आलं, याचं कारण कलम २४ च्या पोटात दडलेलं आहे. कायद्याच्या भाषेत त्याला परंतुक म्हणतात. भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांशी संबंधित माहिती या सवलतीत येणार नाही, असं ते सांगतं. मानवी हक्कांची बाब असेल तर केंद्रीय माहिती आयोगाच्या मान्यतेनंतर, अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत माहिती द्यायची असते. म्हणूनच यादीतल्या संस्थांनाही जनमाहिती अधिकारी नेमावा लागतो.

या परंतुकाचा अर्थ न्यायालयांत हळूहळू उलगडत गेला, आणि त्यात भारतीय वन सेवेतले अधिकारी संजीव चतुर्वेदी यांच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे. त्यांनी मागितलेल्या आयबीच्या एका अहवालाचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. माहिती जर भ्रष्टाचाराच्या आरोपांशी निगडित असेल, तर आरोप त्या गुप्तचर संस्थेच्याच माणसावर आहे की दुसऱ्या कोणावर याने फरक पडत नाही, असा परंतुकाचा अर्थ न्यायालयाने २०१७ मध्ये लावला.

पुढचं प्रकरण सीबीआयचं होतं. चतुर्वेदी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये मुख्य दक्षता अधिकारी होते. तिथल्या ट्रॉमा सेंटरसाठी जंतुनाशक आणि फवारणीची द्रावणं खरेदी करण्यात गैरव्यवहार झाल्याची तक्रार त्यांनी सीबीआयकडे केली होती. तिचं पुढे काय झालं हे त्यांनी माहिती अधिकारात विचारलं. सीबीआयने कलम २४ पुढे केलं. माहिती आयोगाने माहिती द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तोच आदेश कायम ठेवला. अनुसूचीत नाव आहे म्हणून संपूर्ण कायदाच सीबीआयला लागू नाही असं होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. संवेदनशील तपासाची माहिती नाकारता येईल; पण जंतुनाशकाच्या खरेदीत देशाच्या सुरक्षेचं गुपित कोणतं?

तिसरं उदाहरण सक्तवसुली संचालनालयाचं. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने कनिष्ठ लिपिकांच्या ज्येष्ठता याद्या आणि पदोन्नतीचे कागद मागितले. मार्च २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की, नोकरीतल्या हक्कांची माहिती माणसाला न देणं हेही मानवी हक्कांच्या उल्लंघनात मोडतं. मानवी हक्क म्हणजे केवळ कोठडीतला छळ नव्हे, हा विचार इथे रुजला. हा निकाल आणखी एक गोष्ट दाखवतो. गुप्ततेची झळ फक्त बाहेरच्या नागरिकाला बसत नाही, त्या यंत्रणेत राबणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यालाही बसते.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत माहिती स्वातंत्र्याचा कायदा १९६६ मध्ये झाला. त्यातून एफबीआयसारखी संस्था वगळलेली नव्हती, पण तिच्या दारात जायची हिंमतही फार कोणी केली नव्हती. ८ मार्च १९७१ च्या रात्री, सारा देश महंमद अली आणि जो फ्रेझियर यांच्या मुष्टियुद्धात गुंगलेला असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावात आठ जणांनी एफबीआयचं छोटं कार्यालय फोडलं आणि तिथल्या फायली वृत्तपत्रांना पाठवल्या. त्यांतल्या एका चिठ्ठीवर ‘कोइंटेलप्रो’ असा एकच अगम्य शब्द होता.

एनबीसीचे वार्ताहर कार्ल स्टर्न यांनी त्या शब्दाचा पाठपुरावा केला. त्यांनी एफबीआयला पत्र लिहून अर्थ विचारला आणि नकार आला. तेव्हा त्यांनी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली दावा लावला. डिसेंबर १९७३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कागद हाती आले आणि नागरी हक्कांच्या चळवळीपासून युद्धविरोधी तरुणांपर्यंत अनेक संघटना फोडण्याचा, त्यांना बदनाम करण्याचा एफबीआयचा कार्यक्रम उजेडात येऊ लागला. कार्यालय फोडणं हा गुन्हाच होता. पण त्यातून हाती आलेल्या एका शब्दाचा अर्थ कायद्याच्या मार्गाने उलगडला, आणि पुढे सिनेटच्या चर्च समितीने त्याची पाळंमुळं खणून काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ मध्ये एफबीआयने निनावी धमकीचं पत्र पाठवलं होतं, हेही त्या समितीच्या चौकशीत समोर आलं.

त्याच सुमारास, १९७३ मध्ये, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं होतं की, सरकारने कागदावर गुप्ततेचा शिक्का मारला की न्यायाधीश त्यामागे जाऊन पाहू शकत नाही. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९७४ मध्ये कायदा दुरुस्त करून न्यायाधीशांना बंद दालनात कागद तपासण्याचा अधिकार दिला. अध्यक्ष फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो मोडून काढला. राज नारायण प्रकरणात आपल्या न्यायालयाने ज्या तिऱ्हाइताच्या नजरेचा आग्रह धरला, तीच नजर तिथे कायद्यात लिहिली गेली.

तिथलं सगळं आदर्श आहे असं नाही. समुद्रतळाशी गेलेली सोव्हिएत पाणबुडी वर काढण्यासाठी सीआयएने ‘ग्लोमार एक्स्प्लोरर’ हे जहाज वापरलं होतं. त्याबद्दल माहिती मागितली, तेव्हा असे कागद आहेत हेही आम्ही सांगणार नाही आणि नाहीत हेही सांगणार नाही, असं उत्तर मिळालं. ते आजही ‘ग्लोमार उत्तर’ म्हणून वापरात आहे. सीआयएच्या बेकायदा कृत्यांची तिने स्वतःच तयार केलेली यादी वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संस्थेने १९९२ मध्ये मागितली. सुमारे सातशे पानं हाती आली ती २००७ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी.

तरीही फरक मुळातला आहे. १९८४ मध्ये सीआयएला सवलत द्यायची वेळ आली, तेव्हा काँग्रेसने संस्थेला नव्हे, तर प्रत्यक्ष कारवाईच्या फायलींना सवलत दिली. आणि त्या फायलींतल्या बेकायदा वर्तनाची अधिकृत चौकशी झाली असेल तर त्या चौकशीपुरती सवलत नाही, असंही लिहिलं. बंदी कागदाच्या प्रकारावर, अपवाद गैरवर्तनासाठी. आपलं परंतुकही याच विचाराचं आहे. आपली बंदी मात्र संस्थेच्या नावावर आहे.

ब्रिटनमध्ये तर एमआय-५ आणि एमआय-६ या संस्था माहिती कायद्याच्या पूर्ण बाहेर आहेत. पण तिथे या दोन्ही संस्था संसदेच्या कायद्याने बांधलेल्या आहेत आणि १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेली खासदारांची समिती त्यांच्या कामाचे अहवाल प्रसिद्ध करते. एक दार बंद असलं तरी दुसरं उघडं आहे. भारतात १८८७ मध्ये सुरू झालेली आयबी आणि १९६८ मध्ये स्थापन झालेली रॉ यांच्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. त्यांच्यावर देखरेख करणारी संसदीय समितीही नाही. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये असा कायदा सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं; ते मंजूर झालं नाही. म्हणूनच आपल्याकडे माहिती अधिकाराची ती छोटी खिडकी इतकी मोलाची ठरते.

नागरिकाच्या हातात काय आहे

अशा माहितीने देश दुबळा होईल का, ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचं उत्तर अनुभवातून द्यायला हवं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. त्या रात्री नेमकं काय घडलं, मदत वेळेवर का पोहोचली नाही, हे जाणून घेण्यासाठी अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकारात मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या आणि ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. पोलीस दल त्यामुळे दुबळं झालं नाही. संकटाच्या वेळी आपल्या माणसांची हाक ऐकली जायला हवी, हे त्या कागदांनी ठळकपणे मांडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी; पण मुठीत काय आहे हे कधीच पाहिलं नाही, तर ती रिकामी झाली तरी कळत नाही.

माहिती मागायचीही एक रीत आहे. अनुसूचीतल्या संस्थेकडे अर्ज करताना भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्काच्या उल्लंघनाचा आरोप काय, तो कुठल्या तक्रारीत किंवा निकालात आला आहे, हे सुरुवातीलाच लिहावं. एरवी अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही, पण इथे परंतुकाचं दार उघडायची किल्ली तीच आहे. सगळी फाइल मागू नये, नेमका कागद मागावा. कलम १० चा उल्लेख करून झाकण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा, अशी विनंती करावी. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.

आणखी एक वाट आहे. गुप्तचर संस्था यादीत असली, तरी तिला आदेश देणारं मंत्रालय यादीत नाही. ‘सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर’ या दिल्लीच्या संस्थेने २०१३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला फक्त संख्या विचारली. उत्तरातून कळलं की, केंद्र सरकार महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार दूरध्वनी टॅपिंगचे आदेश काढत होतं. एकाही व्यक्तीचं नाव उघड झालं नाही, एकही कारवाई फसली नाही. पण एक साधा हिशेब मात्र करता आला: महिन्याला इतके आदेश असतील, तर प्रत्येक आदेश वाचायला वरिष्ठ अधिकाऱ्याला किती मिनिटं मिळत असतील? पुढे अशीच आकडेवारी मागणाऱ्या अर्जांना सुरक्षेचं कारण देऊन नकार मिळाला. एकदा दिलेल्या आणि कोणाचंही नुकसान न झालेल्या माहितीला असा नकार मिळतो, तेव्हा गुप्तता सवयीने पाळली जाते आहे हे ओळखावं.

बदल काय हवेत, हेही यातूनच दिसतं. जून २०१३ मध्ये जगभरच्या पाचशेहून अधिक तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून ‘त्श्वाने तत्त्वं’ तयार झाली. गुप्ततेची गरज सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाची माहिती सुरक्षेच्या नावाखाली कधीही दडवायची नाही आणि पाळत ठेवण्याचे कायदे व नियम लोकांना ठाऊक असले पाहिजेत, असा त्यांचा गाभा आहे. आपल्याकडे कलम २४ ची बंदी संस्थेच्या नावावरून काढून प्रत्यक्ष कारवाईच्या कागदांवर आणावी. वाद झाला तर माहिती आयोगाला बंद दालनात तो कागद पाहता यावा. टॅपिंगच्या आदेशांची संख्या दरवर्षी आपणहून प्रसिद्ध व्हावी. जुने कागद ठरलेल्या मुदतीत अभिलेखागारात जावेत. यातल्या एकाही गोष्टीने सीमेवरचा एकही खबऱ्या उघडा पडत नाही.

एल्गिन रोडच्या त्या टेबलाकडे पुन्हा पाहू. पाकीट उघडणारा माणूस क्रूर असेलच असं नाही. तो हुकूम पाळत होता आणि हा कागद कधीतरी कोणी वाचेल, असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं. माहितीचा अधिकार खरं काम करतो ते तिथे, त्या क्षणी. उद्या एखादा न्यायाधीश, एखादा आयुक्त किंवा एखादी नात आपण लिहिलेला शेरा वाचणार आहे हे ठाऊक असलेला अधिकारी पाकिटाला हात लावण्यापूर्वी विचारतो, ‘हे खरंच गरजेचं आहे का?’ त्याने स्वतःला हा प्रश्न विचारला, की कुंपणाची राखण आतूनच सुरू होते.